दोनशेतीस सर

व्होल्टेज किती आहे असं विचारलं, तर आमचे सर मीटरकडे बघायचे नाहीत. ते छताकडे बघायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "दोनशे तीस." त्या वेळी वर्गातल्या बल्बची तार नुसती तांबडी दिसत असे आणि पंख्याची पाती बसल्या जागेवरून मोजता येत. तरी दोनशे तीस. पुस्तकात दोनशे तीस लिहिलेलं होतं आणि पुस्तक पुण्याला छापलेलं होतं. माजलगावच्या तारांमधून काय येतं, याची चौकशी करणं सरांना कमीपणाचं वाटत असावं. वर्गात त्यांचं नाव दोनशेतीस सर पडलं आणि गावातही तेच चाललं. खरं नाव हजेरीपटाच्या वरच्या कोपऱ्यात तेवढं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. सर आता आहेत की गेले मला ठाऊक नाही, त्यामुळे ती अडचण मला नाही.

ते मूळचे धारूरचे. राखी रंगाचा सफारी, खिशाला चार पेनं, त्यातलं एकच चालू. कुणी शंका विचारली की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "धारूरचा किल्ला पडेल, ओहम पडणार नाही." धारूरचा किल्ला निम्मा आधीच पडलेला आहे, हे त्यांना सांगायची आमची छाती नव्हती. बारावीपर्यंतच्या आमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलचा किमान कौशल्याचा वर्ग होता. ज्यांच्याकडून डॉक्टर होण्याची आशा घरच्यांनी सोडलेली असे, ती सगळी पोरं तिथं जमा झाली होती. अशा पोरांपुढे उभं राहावं लागतं याचं सरांना दुःख होतं आणि ते त्यांनी दोन वर्षं लपवलं नाही. आम्हाला नावं होती, पण ते हजेरीच्या नंबरानंच हाक मारत. मी सतरा नंबर.

तास सुरू झाला की आधी सूत्र म्हणायचं. सगळ्यांनी उभं राहून, हात मागे बांधून. "विभवांतर भागिले धारा, बरोबर रोध. विभवांतर गुणिले धारा, बरोबर शक्ती." विभवांतर म्हणजे व्होल्टेज, धारा म्हणजे करंट, एवढं पहिल्या महिन्यात कळलं. व्होल्टला अँपिअरनं भागा, तारेचा अडथळा किती ते निघतं. गुणा, काम किती होतंय ते निघतं. दोनच वाक्यं. साधी आहेत, खरी आहेत, आणि आज माझं पोट त्यांच्यावर चालतं. पण सरांच्या तोंडून ती आरतीसारखी यायची. आरती म्हणताना कुणी अर्थ विचारत नाही, तसा इथंही कुणी विचारायचा नाही. एखादा अडखळला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत, आणि त्यांनी "पुरे" म्हटलं की तोंड जिथल्या तिथं बंद करायचं, शब्द अर्धा राहिला तरी.

गणितही एकच. एका इस्त्रीला दोनशे तीस व्होल्ट दिले, तिनं पाच अँपिअर करंट घेतला, तर रोध आणि शक्ती काढा. रोध सेहेचाळीस ओहम, शक्ती अकराशे पन्नास वॅट. ही इस्त्री आम्ही दोन वर्षांत काही नाही तरी शंभर वेळा सोडवली असेल. प्रत्यक्ष इस्त्री वर्गात एकदाही आली नाही. सोडवताना आधी 'दिलेलं' असं लिहून त्याखाली आकडे मांडायचे, मग 'काढायचं'. "काय दिलंय?" हा सरांचा आवडता प्रश्न. जे दिलंय ते कुणी दिलं आणि त्यानं मोजून दिलं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, आणि आम्हालाही त्यांनी पडू दिला नाही.

प्रॅक्टिकलचा प्रकार तर सांगण्यासारखा होता. तारेची एक गुंडाळी, बॅटरी, दोन मीटर, आणि व्होल्टेज वाढवत करंट किती वाढतो ते बघायचं. सर हे सगळं सामान टेबलावर मांडून ठेवत, हार घालायचा तेवढा बाकी. मग फळ्यावर रीडिंग लिहून देत: दोन व्होल्टला शून्य पूर्णांक चार, चार व्होल्टला शून्य पूर्णांक आठ. आमच्या आधीच्या वर्षीही हेच आकडे होते आणि त्याच्या आधीच्या वर्षीही. आलेख काढतानाची रीत अशी, की आधी पट्टीनं सरळ रेष मारायची आणि मग तिच्यावर ठिपके द्यायचे. त्यातला एक ठिपका मुद्दाम अर्धा घर बाजूला. "बाहेरच्या परीक्षकाला खरं वाटलं पाहिजे," असं सर समजावून सांगत. खोटेपणाला एवढी शिस्त लावणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

एकदा ते स्टाफरूममध्ये गेले असताना मी आणि माझ्या बाकावरच्या एकानं सगळं खरंच जोडलं. काटा हलेना. गुंडाळीची तार आतून तुटलेली होती, किती वर्षांपूर्वी कोण जाणे. सर आल्यावर मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी तारा काढल्या, गुंडाळी पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाले, "सतरा नंबर, तुला रिझल्ट पाहिजे की करंट?" वर्ग हसला. मीही हसलो.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी, नाहीतर माझाच आलेख पट्टीनं मारल्यासारखा होईल. बाकावरचा तो सोबती शिरूर कासारचा. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊस तोडायला जायचा तो परीक्षेच्या तोंडावर उगवायचा, हाताला पाचटाचे ओरखडे घेऊन. कॉलेजातल्या बाकीच्या शिक्षकांनी त्याला हजेरीवरून पुरतं छळलं. सरांनी त्याला एक प्रश्न विचारला नाही. आपल्या कपाटातून गेल्या वर्षीची वही काढून दिली, उतरवून घे म्हणाले, आणि तो उतरवून संपेपर्यंत त्याच्या शेजारी पेपर वाचत बसले. तो पास झाला. त्याच्यासारखे आणखी दहा-बारा तरी त्या ठरलेल्या आकड्यांवर पास झाले असतील. सरांना त्याचं भांडवल करताना मी ऐकलं नाही. खोटे आकडे कधी कधी चांगल्या कामाला येतात, हे मी कबूल करतो. त्यांच्याकडे दुसरे आकडे नव्हतेच, हेही मला माहीत आहे.

ते दिवस नव्या वस्तूंचे होते. गल्लीत एसटीडीची पिवळी पाटी लागली, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, आणि रंगीत टीव्ही सर्वांत आधी ज्यांच्याकडे आला त्यांत सर होते. संध्याकाळी त्यांच्या घरी क्लास चाले, बाहेर 'रिझल्टची हमी' असा बोर्ड. एकदा कसलीशी फी द्यायला मी तिथं गेलो, तर टीव्हीच्या खाली स्टॅबिलायझर. व्होल्टेज खालीवर झालं की तो टक टक वाजायचा. सर सूत्र सांगत होते, मागे तो वाजत होता. मी विचारलं, "सर, दोनशे तीसच येतं तर हा कशाला?" ते म्हणाले, टीव्हीच्या कंपनीची अट असते. खरे दोनशे तीस व्होल्ट वर्गातल्या पोरांना कधी मिळाले नाहीत, ते त्यांनी टीव्हीला दिले होते.

एवढ्यावर संपलं असतं तर मी सरांना हसून विसरलो असतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, धरणाच्या काठावरच्या आमच्या गावात उपसा सिंचन संस्थेचे मोटार ऑपरेटर होते. सिंदफणेच्या धरणाचं पाणी वर चढवायचं आणि पाळीपाळीनं उसाला द्यायचं, हे संस्थेचं काम. वीस हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार, घरच्या दोनशे तीसऐवजी चारशे व्होल्टवर चालणारी, पत्र्याचं मोटारघर, भिंतीवर दोन मीटर. एक व्होल्टेजचा, एक करंटचा. आबांचं शिक्षण चौथी. पण दिवसातून तीनदा ते दोन्ही काटे बघून वहीत आकडे लिहीत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आधीचा ऑपरेटर लिहायचा, म्हणून आबाही लिहू लागले आणि मग त्यांना त्याची गोडी लागली. चारशे, अठ्ठावीस. तीनशे साठ, एकतीस. तीनशे वीस, पस्तीस. आकडे बसके, ठसठशीत, चाराला शेंडी काढलेली.

आबांना सूत्र माहीत नव्हतं, पण एक गोष्ट त्यांनी हेरली होती. व्होल्टेजचा काटा खाली आला की करंटचा वर जातो. मी कॉलेजात असताना त्यांनी मला त्याचं कारण विचारलं. मी म्हणालो, मीटर बिघडला असेल. ते हसले. "बिघडल्यालं न्हाई. पानी तेवढंच चढवायचंय ना? बैलाला चारा कमी घातला म्हणून चढ कमी होतो का? तेवढाच चढ, मग जीव जास्त लागतो." करंट पस्तीसच्या वर गेला की ते मोटार बंद करत. शेतकरी ओरडत, आबा ऐकून घेत.

मी कॉलेज संपवून माजलगावला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं, मोटार वाइंडिंगचं, टपरीवजा दुकान टाकलं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी, उन्हाळ्यात, ऊस वाळायला लागला आणि व्होल्टेज तीनशेच्या खाली यायला लागलं. आबांनी मोटार बंद केली, तर संस्थेचे चेअरमन स्वतः मोटारघरात आले. "चालू ठेव. काय झालं तर मी हाय," म्हणाले. आबांनी चालू केली आणि वहीत लिहिलं: दोनशे नव्वद, एकोणचाळीस. दुपारी मोटारीतून धूर निघाला.

मोटार माझ्याच दुकानात आली. मी उघडून बघितली, तर तिन्ही फेजची तार सारखीच काळी पडलेली. एकच फेज जळली असती तर गोष्ट वेगळी होती. तिन्ही सारख्या जळल्या, याचा अर्थ मोटारीनं तासन्‌तास सोसवेल त्याहून जास्त करंट ओढला होता. मला तो अर्थ हातांनी कळत होता.

आता चेअरमनना आठवेना की ते मोटारघरात आले होते. "मी कावून म्हणीन तसं?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं. कुणाच्या तरी माथी हे येणार होतं. आबांची नोकरी जाणार की राहणार, एवढंच नव्हतं. पंधरा वर्षं ज्या माणसानं मोटार लेकरासारखी सांभाळली, त्यानं ती हलगर्जीपणानं जाळली असं गाव म्हणणार होतं. मी निर्धास्त होतो, कारण आबांकडे वही होती आणि व्होल्टेज किती पडलं होतं ते तीत लिहिलेलं होतं. चेअरमन म्हणाले, आपण तज्ज्ञ माणूस बोलावू, तो सांगेल ते खरं. आणि तज्ज्ञ म्हणून आले दोनशेतीस सर.

संस्थेच्या ऑफिसात सकाळी दहाला सभा. सरांना मधली खुर्ची, शाल, नारळ. सरांनी पैसे खाल्ले होते असं पुढे काही जण म्हणाले. मी तसं म्हणत नाही. खाल्ले असते तर मला बरं वाटलं असतं, निदान त्यांना खरं काय ते माहीत होतं असं झालं असतं. सरांनी फुकट, मनापासून आणि पूर्ण खात्रीनं माझ्या बापाचं वाटोळं केलं.

मोटार बघायला चला, असं मी म्हणालो. त्यांना गरज वाटली नाही. तिन्ही फेज काळ्या आहेत हे सांगितलं, तर चेअरमन म्हणाले की पोरगं बापाची बाजू घेणारच. मग सरांनी आबांची वही उघडली. चालू पेन काढलं, सभेच्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'दिलेलं' असं लिहिलं आणि हिशेब मांडला. चारशे भागिले अठ्ठावीस, रोध चौदाच्या वर. तीनशे वीस भागिले पस्तीस, रोध जेमतेम नऊ.

"एकाच मोटारीचा रोध रोज बदलतो?" त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं. "तार काय रबराची आहे? विभवांतर कमी होतं आणि धारा वाढते, असं निसर्गात घडत नाही. ही वही घरी बसून भरलेली आहे."

आबा उभे राहिले. "काट्यानं दावलं ते लिव्हलं, सायेब. मनाचं एक अक्षर न्हाई लिव्हलं."

सरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्या माणसानं जन्मभर आधी रेष मारून वर ठिपके दिले, त्याला रेषेबाहेरचे खरे ठिपके खोटेच वाटणार. खरी वही त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितली होती. त्यांची नजर मग माझ्यावर आली आणि ओळख पटली.

"सतरा नंबर, उभा राहा. सूत्र म्हण."

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, दुकानाचा मालक होतो. मी उभा राहिलो. हात आपोआप मागे गेले. "विभवांतर भागिले धारा, बरोबर रोध."

"पुरे. रोध तोच आहे. विभवांतर कमी केलं, तर धारेचं काय होईल?"

"कमी होईल."

"ऐकलंत? मुलगाच सांगतोय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. माझं शिक्षण झालेलं आहे, तेव्हा हे असंच असणार, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते खाली बसले. ठराव झाला, नोकरी गेली. मोटार जाळल्याचा डाग पुसटही झाला असता, पण 'खोट्या वहीवाला' हे नाव गावात चिकटलं ते चिकटलंच.

दुसरं वाक्य माझ्या तोंडात होतं. विभवांतर गुणिले धारा, बरोबर शक्ती. सरांनी पुरे म्हटलं आणि मी ते गिळलं. ते नुसतं म्हटलं असतं तरी वाट सापडली असती, कारण आबांच्या वहीतली कुठलीही ओळ घ्या. चारशे गुणिले अठ्ठावीस अकरा हजार दोनशे. तीनशे वीस गुणिले पस्तीस, पुन्हा अकरा हजार दोनशे. तीनशे साठ गुणिले एकतीस, चाळीस कमी. तीन फेजच्या मोटारीला त्या गुणाकारात आणखी एक-दोन आकडे घालावे लागतात, ते सोडा. काम तेवढंच होतं, पाणी तेवढंच चढत होतं. इस्त्रीच्या तारेला तापण्याशिवाय दुसरं काम नसतं, म्हणून तिथं व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. मोटारीच्या गळ्यात पाणी बांधलेलं असतं, ती कसर भरून काढायला करंट जास्त ओढते आणि जळते. हे मला सभेनंतर तिसऱ्या दिवशी उमगलं, तीच मोटार भरताना. माझ्या बापाची सुटका सरांनीच शिकवलेल्या दुसऱ्या वाक्यात होती, आणि मी पहिल्यावर थांबलो होतो.

हे मी आबांना सांगितलं नाही. सांगायचं तर, मला येत होतं आणि मी बोललो नाही, हेही सांगावं लागलं असतं. सरांचा तिरस्कार करणं सोपं होतं, म्हणून मी तोच करत राहिलो. गाव सोडून आबा माझ्या दुकानात येऊन बसू लागले. मोटारीच्या खाचांत तारेखाली घालायचा जाड कागद ते मापानं कापून देत. आकडा मात्र त्यांनी पुन्हा लिहिला नाही. गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं असलं तरी मला हाक मारत.

पाच-सहा वर्षं गेली. एका दुपारी दुकानापुढे स्कूटर थांबली. पाय ठेवायच्या जागेत अर्ध्या हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार, वर दोनशेतीस सर. सफारी तोच, पेनं दोन कमी. रिटायर झाले होते. घराच्या हौदातलं पाणी गच्चीवर चढवायची ही मोटार त्यांनी सुरू केली आणि ती जळली. बायको आणि मुलगा दोघंही त्यांनाच बोलत होते. "मी बंद करायला विसरलो म्हणतात. तिथंच उभा होतो मी," ते म्हणाले. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"व्होल्टेज किती होतं, सर?"

त्यांनी छताकडे बघितलं, सवयीनं. "दोनशे तीस."

"मोजलं होतं?"

त्यांनी छतावरून नजर खाली आणली. मग म्हणाले की बल्ब तांबडा पडला होता खरा. "पण विभवांतर कमी असेल, तर धारा..." वाक्य पुरं झालं नाही. मी मोटार उघडून त्यांच्यापुढे ठेवली. आतलं सगळं वाइंडिंग सारखं काळं होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, सहा वर्षांचं. तेवढ्यात आबा कात्री ठेवून उठले. त्यांनी वाकून बघितलं आणि सरांना बसायला आपली खुर्ची दिली.

"तुमची चूक न्हाई, सर," आबा म्हणाले. "व्होल्टेज कमी पडलं. कमी पडलं की मोटार जास्त ओढती आन्‌ जळती. मानूस काय करणार? घरी सांगा तसं."

सरांनी त्यांना ओळखलं नव्हतं. माझा नंबर ध्यानात राहिला, आबांचा चेहरा राहिला नाही. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "लिहून द्याल का? घरी माझ्या तोंडचं कुणी ऐकत नाही."

मी कागद घ्यायला वळलो, तर आबांनी मला हातानं थांबवलं. खाचेत घालायच्या कागदाचा एक तुकडा घेतला, माझ्या कानावरची पेन्सिल घेतली आणि बसक्या अक्षरांत लिहिलं: व्होल्टेज कमी. माणसाची चूक नाही. खाली सही. सरांनी तो वाचला, सहीवर त्यांची नजर थोडी थांबली. अक्षर ओळखलं की नाही, मी सांगू शकत नाही. घडी घालून पेनांच्या मागे ठेवला आणि गेले. दुरुस्त झालेली मोटार न्यायला मुलगा आला. पुढे ते सगळे औरंगाबादला गेल्याचं कळलं.

सर गेल्यावर मी आबांवर चिडलो. तो माणूस कोण होता ठाऊक आहे ना, म्हणालो.

"हाय की ठाऊक. घरचे बोलायलेत त्याला. लई वाईट असतंय ते," आबा म्हणाले. आणि कात्री उचलत, "मला कुनी लिहून दिलं न्हाई, म्हणून दिलं."

मग मी सांगितलं. सभेत माझ्या तोंडात दुसरं वाक्य होतं आणि मी म्हटलं नाही, हे सहा वर्षांनी सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मग म्हण की आता."

मी म्हटलं. हात मागे न बांधता म्हटलं. गुणिले म्हणजे काय केल्यावर कुठला आकडा येतो, तेही सांगितलं: चारशे गुणिले अठ्ठावीस, तीनशे वीस गुणिले पस्तीस, दोन्हीकडे अकरा हजार दोनशे. त्यांच्या वहीतल्या ओळी मला पाठ होत्या.

आबांनी बोटांवर काहीतरी जुळवून बघितलं. "म्हंजे माझी वही बरोबर होती."

"बरोबर होती, आबा."

त्यांनी पेन्सिल परत दिली नाही, आपल्या खिशात ठेवली.